नऊ चौकोनांची चौकट : माप एक, हात अनेक

 

गोधडी कशी शिवायची हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जुनी लुगडी, साड्या, धोतरं एकावर एक अंथरायची आणि कडेपासून धावदोरा घालत आत यायचं. पण अशी गोधडी शिवायला सगळ्यांना एका जागी बसावं लागतं. कुणाला कापूस वेचायला जायचं असतं, कुणाचं बाळ लहान असतं. मग पैसे वाटताना ‘कोण किती बसलं’ यावरून कुरबूर होते. म्हणून आज चौकटींची पद्धत सांगते. यात प्रत्येकीनं घरी बसून चौकटी करायच्या आणि गटात आणून जोडायच्या. फक्त एक अट आहे, सगळ्यांचं माप एकच हवं.

आधी कापड. सुतीला सुतीच जोडा. नायलॉनची साडी मध्ये आली तर धुतल्यावर सुती आटतं, नायलॉन आटत नाही आणि गोधडीला सुरकुत्या पडतात. सगळं कापड आधी धुऊन, वाळवून घ्या. लाल, गडद निळा असे रंग ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून पाहा. फडक्याला रंग लागला तर ते कापड पुन्हा धुवा, तरी लागला तर बाजूला ठेवा. उजेडात धरून विरलेला भाग काढून टाका, धड कापडच वरच्या थराला घ्या.

आता फर्मा. पाच इंच लांब, पाच इंच रुंद पत्र्याचा तुकडा कापून घ्या आणि त्याच्या कडा घासून बोथट करा. पुठ्ठा नको, रेघा मारून मारून त्याची कड झिजते आणि शेवटचे चौकोन लहान निघतात. दोन्ही तिरक्या बाजू, म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर, मोजून सारखी आहेत का पाहा. फर्मा कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला धरून ठेवा. उरेब कापलेला चौकोन शिवताना ताणतो. आखायला साबणाची वडी चालेल, पण तिला धार करून घ्या. बोथट वडीची रेघच एक सूत जाड होते.

एका चौकटीला पाच गडद आणि चार फिके चौकोन लागतात. पहिली ओळ गडद-फिका-गडद, दुसरी फिका-गडद-फिका, तिसरी पहिलीसारखी. अमेरिकेतल्या बायाही हीच चौकट शिवतात, तिला तिकडे ‘नाईन पॅच’ म्हणतात.

चौकोनांच्या सुलट बाजू एकमेकींवर ठेवा आणि कडेपासून पाव इंच, म्हणजे दोन सूत आत शिवा. मशीनवर शिवत असाल तर सुईपासून दोन सुतांवर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला लावून चालवा. हातानं शिवत असाल तर आधी रेघ मारा, धावदोरा बारीक घाला, सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाका मागे घ्या.

तीन ओळी वेगवेगळ्या शिवून झाल्या की शिवण गडद कापडाकडे वळवून इस्त्री करा. इस्त्री नसेल तर गरम पाण्याचा तांब्या फिरवा. असं केल्यानं पहिल्या ओळीची शिवण बाहेर वळते, दुसरीची आत. ओळी जोडताना दोन्ही शिवणी एकमेकींना अडकून बसतात आणि कोपरे आपोआप जुळतात. तिथं टाचणी लावून मग शिवा.

तयार चौकट बरोबर चौदा इंच भरली पाहिजे. गटाच्या बैठकीत फरशीवर खडूनं चौदा इंचांची आखणी करा आणि प्रत्येक चौकट तिच्यात ठेवून पाहा. एखादीनं दोनऐवजी तीन सूत शिवण घेतली तर तिची चौकट साडेतेरा इंच होते. शेजारच्या चौकटीशी जोडताना हा अर्धा इंच लपत नाही. मोठी भरली तर शिवण कमी घेतली असं समजा. कड कातरून बसवू नका, त्यानं कोपरे सरकतात. तेवढीच शिवण उसवून पुन्हा घाला. चौकट परत द्यायची तर ती आखणीनं द्यावी, अध्यक्षबाईंनी नाही. मग मनाला लागत नाही आणि नव्या बाईचा हातही लवकर बसतो.

आता हिशोब. चार चौकटी आडव्या, सहा उभ्या, अशा चोवीस चौकटींची गोधडी साडेचार फूट रुंद आणि पावणेसात फूट लांब होते. चौकोन लागतात २१६, त्यात १२० गडद आणि ९६ फिके. साडीच्या पन्ह्यात काठ सोडून आठ चौकोन बसले, तर गडद कापड दोन मीटर आणि फिकं दीड मीटरहून थोडं जास्त पुरतं. उरलेली साडी आतल्या थराला घ्या.

मजुरी चौकटीवर ठरवा. जिनं सहा चौकटी दिल्या तिला सहांचे पैसे, मग ती बैठकीत बसो की घरी बाळाजवळ. चौकटी जोडण्याची आणि धावदोऱ्याची मजुरी वेगळी लिहा. एका चौकटीला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून पाहा आणि वहीत लिहा. ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनात गिऱ्हाईक ‘जुन्या कापडाचं एवढं कशाला?’ म्हणेल, तेव्हा ही वही बोलेल. किंमत कापडाची नाही, तासांची आहे.

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या गरीब, शेतात राबणाऱ्या काळ्या बायांनी १९६६ साली अशाच गोधड्या विकायला ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली होती. त्यांच्याही घरात जुनंच कापड होतं.

तेव्हा या आठवड्यात गटासाठी एकच काम करा. पत्र्याचे फर्मे कापून घ्या, सगळे एकमेकांवर ठेवून तपासा आणि प्रत्येकीला एक द्या. पुढच्या भेटीत चौकटी जोडणं, थर घालणं आणि धावदोरा पाहू.