हायड्राची कोलांटउडी

शाळेच्या पुस्तकात हायड्रा भेटतो तो मुकुलायनापुरता. अंगावर कळी फुटते, कळीचं पिल्लू होतं, आकृती काढा आणि गुण मिळवा. त्या आकृतीतली तळाची चकती मात्र कुणी फारशी बघत नाही. खरी गंमत तिथे आहे.

ओल्या भिंतीवर चिकटपट्टी लावून पाहा. टिकत नाही, कारण मध्ये पाण्याचा पापुद्रा येतो. हायड्राचा तर सगळा संसार पाण्यातच. तरीही जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा हा जीव तळ्यातल्या पानाला, काडीला, काचेलाही घट्ट धरून असतो. तळाच्या पेशींत चिकट द्रव्याच्या सूक्ष्म कणिका साठलेल्या असतात. त्या बाहेर पडल्या की डिंकासारखा थर तयार होतो.

पण नुसतं चिकटायचं तर कालवंही खडकाला चिकटतात, तीही जन्मभरासाठी. हायड्राला हवं तेव्हा सुटायचं असतं! काही चपट्या कृमींकडे यासाठी दोन ग्रंथी असतात : एक डिंकाची, दुसरी तो सोडवणाऱ्या द्रव्याची. हायड्राकडे अशी दुसरी ग्रंथी सापडलेली नाही. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये मांडलेल्या मतानुसार, तळाच्या पेशींमधले आकुंचन पावणारे तंतू आखडतात आणि तळ जागेवरून ओढून काढतात. डिंक तिथेच राहतो. रंग चढवला की तो पाऊलठशासारखा दिसतो.

सुटल्यावर काय? कोलांटउडी. आब्राम ट्रेम्बले या जिनिव्हाच्या निसर्ग-अभ्यासकाने हॉलंडमध्ये शिकवणीची नोकरी करता करता हायड्राचं निरीक्षण केलं आणि 1744 च्या ग्रंथात ही चाल वर्णिली. हायड्रा वाकतो, शुंडकं जमिनीला टेकवतो (तिथल्या काही दंशपेशी चिकटायच्याच कामाच्या), मग तळ सोडवून अंग उलटं उभं करतो. एवढ्याशा मऊ नळीला हे जमतं कसं, याचं उत्तर अलीकडे मिळालं, तेही पुण्यात. 'आयसर'मधल्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं, की शुंडकांच्या लगतचा 'खांदा' उरलेल्या अंगापेक्षा सुमारे तिप्पट ताठ असतो. वाकताना ताणात साठलेली ऊर्जा हा खांदा अंग उचलायला वापरतो. हा फरक घालवला, की हायड्राला उलटं उभं राहता येत नाही. मला तर डिंकापेक्षा हीच युक्ती जास्त हुशारीची वाटते.

कधी कधी तो चालतच नाही : तळाशी वायूचा बुडबुडा धरून सरळ वर तरंगतो.

तळ्यातली थोडी पाणवनस्पती, त्याच पाण्यासह, काचेच्या बरणीत घाला आणि बरणी रात्रभर हलवू नका. सकाळी काचेवर धाग्याएवढं काही लोंबताना दिसलं, तर भिंग घ्या. बोट मात्र लावू नका. तो लगेच आकसून ठिपक्याएवढा होतो.