शीर राखणारा हात

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाचे रक्त यंत्राने शुद्ध करावयाचे, म्हणजे ते आधी शरीराबाहेर आणले पाहिजे आणि शुद्ध होताच परत आत पोचविले पाहिजे. ऐकावयास ही गोष्ट सोपी वाटते. परंतु दर मिनिटास दोनशे ते तीनशे मिलिलिटर रक्ताचा ओघ सुमारे चार तास अखंड मिळावा लागतो, आणि तोही आठवड्यातून दोनदा-तीनदा, वर्षानुवर्षे. हातावरील साध्या शिरेत एवढा जोर नसतो. तो रोहिणीत असतो. पण रोहिणी खोल असते, आणि वारंवार टोचणे तिला मानवत नाही.

विलेम कोल्फ या डच वैद्याने १९४३ मध्ये रुग्णावर कृत्रिम मूत्रपिंड चालवून दाखविले, तरी ही अडचण उरलीच. दर खेपेस रक्तवाहिनीवर नवी चीर द्यावी लागे, आणि थोड्याच खेपांत शरीरावर जागा संपे. सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० साली टेफ्लॉनच्या नळ्या हातात कायम बसविल्या, तेव्हा कुठे दीर्घकाळ डायलिसिस शक्य झाले. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधीच पण विलक्षण युक्ती प्रसिद्ध केली. मनगटाजवळची रोहिणी त्यांनी शेजारच्या शिरेला जोडून दिली. रोहिणीचा जोर शिरेत शिरताच ती फुगते, तिची भिंत जाड होते आणि काही आठवड्यांनी ती जाड सुया सोसू लागते. हाच फिस्टुला होय.

शल्यविशारदाचे काम घटका-दोन घटकांत आटोपते. त्यानंतरची वर्षे मात्र परिचारिकेची असतात. आठवड्यातून तीन पाळ्या, दर पाळीस दोन सुया. म्हणजे वर्षाकाठी तीनशे बारा वेळा त्याच शिरेला टोचावयाचे!

खरे तर हे राखणे शस्त्रक्रियेच्याही आधी सुरू व्हावयास हवे. ज्याची मूत्रपिंडे खालावत चालली आहेत, अशा रुग्णाच्या कोपराजवळच्या ठसठशीत शिरेत सलाईनची सुई खुपसणे सोयीचे असते. पण उद्या फिस्टुलासाठी हवी असणारी शीर तीच. जाणती परिचारिका शक्यतो हाताच्या पंजामागची शीर निवडते. पुष्कळदा हे भान सुटते, आणि डायलिसिसची वेळ येईतो दोन्ही हातांच्या शिरा कठीण, बुजलेल्या होऊन बसतात. मग मानेतील मोठ्या शिरेत नळी घालावी लागते. तिच्या तोंडाशी हयगय झाली, तर जंतू थेट रक्तातच जातात.

सुई घालण्यापूर्वी परिचारिका हात पाहते, चाचपते आणि ऐकते. चांगल्या फिस्टुलावर बोटे ठेवली की मांजराच्या गुरगुरण्यासारखा सलग कंप लागतो. कंपाऐवजी नाडीसारखे ठोके लागले, किंवा नळी लावून ऐकताना घुमणारा आवाज शिटीसारखा बारीक झाला, तर पुढे कोठेतरी शीर अरुंद होत असल्याचा संशय येतो. यंत्र पुढे काय दाखवील ते दाखवील. बोटांना ते बहुधा आधी कळते.

सुईची जागा दर वेळी थोडी पुढे सरकवावी लागते. येथे अडथळा येतो तो रुग्णाचाच. ‘‘सिस्टर, तिथेच टोचा, तिथे दुखत नाही,’’ असे तो काकुळतीने म्हणतो. ते खरेही असते, कारण तेथील कातडी बधिर झालेली असते. पण तेथेच भिंत पातळ होऊन फुगवटा येतो. अशा वेळी गोड बोलून नकार देणे हा या कामातील अवघड भाग होय. सुई काढल्यावर जागा किती दाबावी, यालाही बेत आहे: कमी दाबली तर रक्त वाहते, फार आवळली तर आत गुठळी होते. रक्तदाब फार उतरला तरीही तेच घडते. म्हणून यंत्राने पाणी किती वेगाने काढावयाचे, यावरही तिची नजर असते.

त्या हातावर रक्तदाब मोजावयाचा नाही, त्यातून रक्त काढावयाचे नाही, हे तर रुग्णालयात सांभाळता येते. घरी तो हात उशाला घेऊन झोपण्याची सवय असते, भरलेली बादली उचलावयाची असते. घट्ट बांगड्यांचा प्रश्न निघाला, की कित्येक स्त्रिया क्षणभर गप्पच होतात. त्या हातात एखादी सैल बांगडी असू द्यावी, एवढी तडजोड परिचारिका करते.

कंप थांबल्याचे त्याच दिवशी कळले, तर गुठळी काढून फिस्टुला पुष्कळदा वाचविता येतो. पुढच्या पाळीची वाट पाहिली तर सहसा नाही. म्हणून ती रुग्णाची बोटे धरून त्या जागी ठेवते, आणि कंप त्याला स्वतःला लागेपर्यंत सोडत नाही.