पाठ टेकली, तरी निकाल नाही

उन्हाळ्यात लास वेगासला शनिवारचे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा बेंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीत रविवारची सकाळ साडेसात झालेली असते. यूएफसी या मिक्स्ड मार्शल आर्ट्स स्पर्धेची ‘फाइट नाइट’ भारतातल्या शौकिनाला म्हणून दात घासता घासताच बघावी लागते. बाहेरच्या रस्त्यावर नंदी हिल्सकडे निघालेल्या मोटरसायकली, डोक्यावर विमानतळाकडे उतरणारी विमानं आणि आत टीव्हीसमोर पोरं. त्यातला एक माझा भाचा. मूळचा कागलचा, इथे विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला. त्याच्या खोलीतला जोडीदार दावणगेरेचा. मी पाहुणा, तोही मातीतल्या कुस्तीवर वाढलेला.

लढत सुरू झाली. लाल चड्डीवाल्याने झकास दुहेरी पट काढला आणि समोरच्याला उचलून असा आपटला की मी जागेवरून उठलोच. “चीत! झाली की रं कुस्ती!” भाचा हलला नाही. “मामा, बसा. आत्ता खालचाच भारी हाय.”

मला वाटलं, पोरगं थट्टा करतंय. पुढच्या दोन मिनिटांत खालच्याने वरच्याचा हात असा काही अडकवला, की पाडणाराच जीव खाऊन सुटकेची धडपड करू लागला.

आपल्या कुस्तीत दोन्ही खांदे मातीला लागले की विषय संपतो. ढोल वाजतो, फेटा उडतो. मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये पाठीवर असणं ही हार नाही, ती लढण्याची एक जागा आहे. खालचा गडी दोन्ही पायांनी वरच्याची कंबर आवळतो, त्याला ‘गार्ड’ म्हणतात. हात मोकळे, पाय हातासारखे वापरायचे, आणि वरच्याचा गळा किंवा कोपर हाताशी आलं की धरायचं. माएदा नावाच्या जपानी ज्युदोकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे तंत्र ब्राझीलला नेलं, तिथल्या ग्रेसी घराण्याने ते घोटलं. 12 नोव्हेंबर 1993 रोजी डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली तेव्हा वजनगट नव्हते. अंगाने किरकोळ दिसणाऱ्या रॉइस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना हार कबूल करायला लावली.

पाठीवर पडलेल्या माणसाला लढवय्या मानायला प्रेक्षक सहजी तयार होत नाही, आणि यात मी एकटा नाही. 26 जून 1976 रोजी टोकियोत मुष्टियोद्धा मुहम्मद अलीसमोर जपानी पैलवान अंतोनिओ इनोकी पंधरा फेऱ्यांतला बराचसा वेळ जमिनीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत होता. लोकांनी रिंगणात कचरा फेकला, पैसे परत मागितले. लढत बरोबरीत सुटली. अलीच्या पायांची दशा मात्र फारच वाईट झाली होती. आजची पोरं ती लढत बघून कंटाळतात खरी, पण इनोकीला हसत नाहीत.

त्याच वर्षी डिसेंबरात इनोकी कराचीला आला. समोर अक्रम पैलवान, गामाचा पुतण्या. इनोकीने हात मुरगळून धरला. आधुनिक लढवय्या अशा वेळी हाताने दोनतीनदा थापटतो, रेफरी सोडवतो, आणि तो पुढच्या महिन्यात पुन्हा सरावाला हजर असतो. अक्रमने थापटलं नाही. हात गेला. घराण्याची अब्रू तशाने राहिली असं त्या मैदानातल्या कित्येकांना वाटलं असेल. मला ते पटत नाही, पण माझ्या आजोबांना नक्की पटलं असतं.

कुस्तीची सवय अंगाशी आल्याचं आपल्याकडचं सगळ्यात बोचरं उदाहरण भरत खंडारेचं. महाराष्ट्रातला, कुस्तीतून आलेला. 25 नोव्हेंबर 2017 रोजी शांघायमध्ये तो यूएफसीत उतरला आणि पहिल्याच फेरीत चीनच्या साँग यादाँगच्या ‘गिलोटिन’मध्ये सापडला. हा डाव पैलवानाच्या सवयीवरच टपलेला असतो. पट काढताना डोकं समोरच्याच्या बगलेशी जातं. आपल्या कुस्तीत गळा आवळायला बंदी, म्हणून मान राखायची सवयच नसते. इथे समोरचा ती मान काखेत घेतो, मनगटाचं हाड हनुवटीखाली सरकवतो, दुसऱ्या हाताने तेच मनगट धरतो आणि छाती पुढे काढतो. डोक्याकडे जाणारं रक्त अडतं. काही सेकंदांत थापटायचं, नाहीतर शुद्ध जाते.

एवढं कळल्यावर माझं ओरडणं जरा कमी झालं. गुणांच्या वेळी पुन्हा बिनसलं. पाच मिनिटांची फेरी, तीन पंच, फेरी जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला बहुधा नऊ. आधी बघतात कुणाच्या माऱ्याचा आणि पकडीचा परिणाम जास्त झाला. नुसतं पाडून वर बसून राहिलं तर पदरात फारसं पडत नाही. तरी पंच एकमतात असतीलच असं नाही. मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या बुढान्याची पूजा तोमर 8 जून 2024 रोजी लुइसव्हिलला रेयान दोस सांतोसशी लढली. एका पंचाने तिन्ही फेऱ्या पूजाला दिल्या, दुसऱ्याने तिन्ही प्रतिस्पर्ध्याला! तिसऱ्याच्या 29-28 वर पूजा यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय बाई ठरली. आखाड्याभोवती तीन बाजूंना बसलेल्या पंचांना लढत वेगवेगळी दिसते हे मान्य, पण इतकी? कुस्तीच्या फडात असा निकाल लागला असता तर पंचांना बंदोबस्तात घरी सोडावं लागलं असतं.

आणि रक्त. हा खेळ रानटी आहे, असं मी म्हटल्यावर दावणगेरेकराने शांतपणे म्हैसूरच्या दसऱ्याची आठवण करून दिली. विजयादशमीला राजवाड्याच्या आवारात जेट्टी समाजाचे मल्ल मुंडन करून, मुठीत अणकुचीदार वज्रमुष्टी घालून भिडतात, आणि डोक्यातून रक्ताचा पहिला थेंब आला की कुस्ती सुटते. यूएफसीत तो थेंब आल्याने काहीच सुटत नाही. रेफरी वेळ थांबवतो, डॉक्टर जखम बघतो, रक्त डोळ्यात उतरत नसेल तर चालू द्या म्हणतो. असं झालं की दरवेळी मी उठून स्वयंपाकघरात जात होतो. शेवटी भाच्याने टीव्हीसमोरूनच हाक दिली, “मामा, गेलाच आहात तर आम्लेट तरी टाका की.”