चौकातले पाहुणे, कोकणचा समुद्र

लखनौच्या चौकात ज्यांचे आयुष्य गेले, चिकनच्या कपड्यांची आणि अत्तराची दुकाने हेच ज्यांचे शेजारी, अशा स्नेह्यांचा एक दिवस फोन येतो, "थंडीत तुमच्याकडे येतो आहोत. मुलांना समुद्र दाखवाल ना?" आपण आनंदाने हो म्हणतो. हॉटेलपेक्षा किनाऱ्यावर तंबू ठोकून दोन रात्री राहिलो तर मुलांना अधिक मजा येईल, असेही ठरते. पुष्पक एक्सप्रेसने पाहुणे मुंबईत उतरले, की पुढे कोकण रेल्वेने कुडाळ आणि तिथून मालवण, तारकर्ली!

पाहुणे लखनौचे म्हणजे काही परके नव्हेत. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली लखनौत संगीत महाविद्यालय उभे केले, ते आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. तंबूसमोर रात्री गाण्याची बैठक जमली, तर हा धागा आपोआप निघेल.

'पहले आप' इथे नको

लखनौची तहजीब सर्वांना ठाऊक आहे. पाहुणे संकोची असतात. पोहता येत नाही, लाटांची भीती वाटते, हे ते चटकन सांगत नाहीत. यजमानही भिडेपोटी "चला ना, काही होत नाही" म्हणून जातो. गोमतीच्या काठी वाढलेल्या माणसाला घाट ठाऊक असतो, पायरी ठाऊक असते. पण दिवसातून दोनदा पुढे येणारे आणि दोनदा मागे जाणारे पाणी त्याने पाहिलेले नसते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. दिवस थंडीचा होता, पावसाळ्याचा नव्हे. म्हणून पाण्यात कोण जाणार, किती जाणार आणि केव्हा जाणार, हे यजमानानेच आधी सांगून टाकावे. त्यात अपमान कसला?

पंचांग सांगते भरती

कोकणातले जुने लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची, की झाले! चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे सुमारे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. पहाटे किंवा सकाळी जी वेळ, साधारण तीच दुपारी किंवा रात्री. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज झाला. नेमकी वेळ गावातल्या कोळी बांधवांना विचारून घ्यावी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, पाणी नेहमीपेक्षा वर चढते. अष्टमीच्या आसपास ते कमी चढते आणि कमी उतरते. सहलीची तारीख ठरवताना हे जरूर पाहावे.

ओहोटी लागलेली असताना पाण्यात उतरू नये. खाडीच्या मुखाशी तर मुळीच नाही. तारकर्लीजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे प्रवाहाला ओढ असते. न पोहणाऱ्यांनी गुडघाभर पाणी ही मर्यादा मानावी. कुणी ओढीत सापडलेच तर त्याने किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये; किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरकावे. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगत राहून हात वर करावा. काठावरच्यांनी मागोमाग उडी न घेता दोर किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकावा आणि मदतीला हाका माराव्यात.

तंबू कुठे?

भरतीने आणून टाकलेल्या कचऱ्याची रेघ वाळूत दिसते. तंबू तिच्या बराच वर हवा. नारळाखाली जागा कितीही छान वाटली, तरी तिथे तंबू नको. नारळ आणि झावळ्या सांगून पडत नाहीत. जागेच्या मालकाची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी. वाळूत खुंट्या धरत नाहीत, म्हणून वाळू भरलेल्या पिशव्यांना दोर बांधून त्या पुरून टाकाव्यात. थंडीच्या दिवसांत कासवे अंडी घालायला किनाऱ्यावर येतात; रात्री वाळूवर झगझगीत दिवे लावू नयेत.

गोडे पाणी आणि सोलकढी

एक सकाळ सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी ठेवावी. शिवरायांनी १६६४ साली कुरटे बेटावर या जलदुर्गाचे बांधकाम सुरू केले. चारी बाजूंनी खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! पाहुण्यांच्या मुलांना याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. होडीत बसताना प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवे, आपल्याही.

जेवणाचे आधी विचारून ठेवावे. मासे खाणारे असतील तर पहिल्या दिवशी सुरमईची तुकडी द्यावी, काटे कमी. शाकाहारी असतील तर काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या आहेतच. चौकात थंडीच्या सकाळी दवात ठेवलेल्या दुधाचा फेस, म्हणजे मक्खन मलाई, खाणाऱ्यांना आपली गुलाबी सोलकढी नवी वाटेल. एका वाटीनंतर दुसरी मागतील.

निघताना तंबूची जागा झाडून घ्यावी आणि पाहुण्यांना मक्खन मलाईच्या दिवसांत चौकात येण्याचा शब्द द्यावा. तिथल्या गल्ल्यांत मात्र पुढे त्यांना चालू द्यावे, आपण मागून!