उत्तरायण नेमके केव्हा?

पौषातल्या थंडीत सोलापुरात सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, तैलाभिषेक, अक्षता सोहळा आणि होम या क्रमाने सातही नंदीध्वज दिमाखात मिरवतात, आणि त्याच सुमारास घरोघरी तिळगूळ वाटताना जाणती माणसेही बिनदिक्कत सांगतात, की आज उत्तरायण लागले, आता दिवस तिळातिळाने वाढणार.

वस्तुतः सूर्य उत्तरेकडे वळतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास. म्हणजे संक्रांतीच्या दिवशी उत्तरायणाला तीन आठवडे उलटून गेलेले असतात. मात्र एवढ्या अवधीत सोलापूरचा दिवस वाढतो जेमतेम सहा मिनिटे, आणि तीही संध्याकाळच्या बाजूने, कारण सूर्यास्त सुमारे तेरा मिनिटे लांबला तरी सूर्योदयही सातेक मिनिटे उशिरानेच होऊ लागलेला असतो. तेव्हा पहाटे उठणाऱ्या कष्टकऱ्याला दिवस वाढल्याचा प्रत्यय न आल्यास नवल नाही.

हा गैरसमज अडाणीपणाचा खास नव्हे. इ. स. २८५ च्या सुमारास सूर्याचा मकरप्रवेश आणि उत्तरायणारंभ खरोखरच एकत्र येत असत; परंतु पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा संथपणे डुलत असल्यामुळे, आणि आपली पंचांगे राशी ताऱ्यांवरून मोजीत असल्यामुळे, ताऱ्यांचे वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे ठरते, व साधारण ७२ वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. १४ जानेवारी ही तारीख कोणी कायमची मुक्रर करून दिलेली नाही, याचा दाखला हवा असेल तर विवेकानंदांचा जन्म पाहावा: १२ जानेवारी १८६३, आणि तो दिवस संक्रांतीचा.

मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने ही तफावत ध्यानी घेतली, आणि १९५७ साली अमलात आलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत २२ डिसेंबर हा पौषाचा पहिला दिवस ठरला. पण ती दिनदर्शिका सरकारी दफ्तरातच राहिली, आणि माझ्या मते त्यात यात्रेचे काही बिघडले नाही. यात्रेचे नाते मकरप्रवेशाशी आहे, आणि तो निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून राशी मोजणाऱ्या, पंचांगाच्या हिशेबाने बरोबरच आहे. चूक आहे ती त्याला उत्तरायण म्हणण्यात. हाच हिशेब पुढे चालू राहिला, तर सुमारे तेराशे वर्षांनी सोलापूरच्या होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे हीच यात्रा, फेब्रुवारीत भरू लागेल, आणि यात्रेकरूंना तोवर हुरड्याचा हंगाम सरत आलेला आढळेल.