साडेसहाची मुक्कामी

पहाटे ५.१५

राखणदार काका क्रीडा संकुलाचं फाटक उघडतात तेव्हा बाहेर पंधरा-वीस जण थांबलेले असतातच. सगळ्यांत पुढे भरतीची पोरं. पोलीस भरतीच्या मैदानी परीक्षेला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. संकुल होण्याआधी ही पोरं डांबरी रस्त्यावर पळायची. मोटारसायकलच्या काट्यावर अंतर मोजायचं आणि मागून डंपर आला की कडेच्या खड्यांवर उतरायचं. आता लाल मुरमाची ४०० मीटरची धावपट्टी आहे. चार फेऱ्या म्हणजे १६००, दोन म्हणजे ८००. आपण नेमकं किती अंतर किती वेळात पळालो हे कळलं की पोराची तयारी बदलते. मग तो काल आपण कुठे दमलो होतो ते शोधत पळतो.

पोरांच्या पाठोपाठ बायका येतात. साडी आणि साडीखाली लेकाचे जुने बूट. त्यातल्या एका मावशींना साखर आहे, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. त्या म्हणाल्या, "रस्त्यानं चाललं की लोक इचारायचे, कुठं निघालीस गं? हितं कुणी इचारत न्हाई." सार्वजनिक मैदान कशाला हवं, याचं याहून नेमकं उत्तर मी कुठल्या शासकीय कागदात वाचलेलं नाही.

तालुका क्रीडा संकुलाला शासन आता ५ कोटी रुपयांपर्यंत अनुदान देतं. त्यातून भिंत, खोल्या, धावपट्टी होते. पण जुलै संपत आला तरी आभाळ कोरडं असतं त्या आमच्या माणदेशात धावपट्टीवर रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर तासाभरात मुरमाचा फुफाटा होऊन घशात जातो. पाणी मारणारा माणूस, विजेचं बिल, पावसानंतर फिरवायचा रोलर, हा सगळा दरमहाचा खर्च. मैदान बांधण्याइतकंच ते रोज जागतं ठेवणं महत्त्वाचं, आणि ते काम कॉलेज आणि गाव मिळूनच होतं. म्हणून आमच्या कॉलेजने सकाळच्या पाण्याची जबाबदारी घेतलीय.

सकाळी ७.४०

पहिल्या गाड्या स्टँडवर लागतात. रात्री खेड्यात मुक्कामाला गेलेली एसटी सकाळी तिथल्याच पोरापोरींना घेऊन परत येते. कॉलेजचे तास उशिरा असले तरी गाडी हीच, त्यामुळे लांबच्या मुली आठच्या आत आवारात. भाकरीचं फडकं बाकावर ठेवून त्या माझ्याकडे, खेळाच्या मॅडमकडे येतात आणि तासापर्यंत दोरीवरच्या उड्या, पायऱ्यांवरची चढउतार असं काहीबाही चालतं. सकाळचा हा सराव वेळापत्रकात कुठेच लिहिलेला नाही, तो गाडीने आम्हाला दिलाय.

सकाळी ९.३०

आज पासाचा दिवस. २०२५च्या जूनपासून एसटीने शाळा-कॉलेजांत येऊनच पास द्यायला सुरुवात केली, ही फार मोलाची गोष्ट झाली. त्याआधी पोरं आगाराच्या खिडकीसमोर रांग लावायची आणि पहिले दोन तास हमखास बुडायचे. आता कर्मचारी ग्रंथालयाच्या ओट्यावर टेबल मांडतात, आम्ही यादी आणि बोनाफाईड तयार ठेवतो.

रांगेत एफ. वाय.ची एक मुलगी पैशांचं पाकीट हातात घट्ट धरून उभी होती. तिची पाळी आली तशी मागे वळून म्हणाली, "मॅडम, बारावीपर्यंत फुकट होता की हो."

होता. अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेत ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळा-कॉलेजचा एसटी प्रवास मोफत आहे. बारावी झाली की मुलगी इतर विद्यार्थ्यांच्या रांगेत येते. त्या पासात भाड्यातले जवळपास ६७ टक्के सवलतीत जातात आणि उरलेला एक तृतीयांश भाग घरून द्यायचा असतो. एका बाजूचं तिकीट ३० रुपयांचं धरलं तर पासावर ते १० रुपयांना पडतं. मार्च २०२३पासून बायकांना सगळीकडे अर्धं तिकीट आहे, म्हणजे तसं आलं तरी १५. पास स्वस्तच. एसटी आणि शासन यांनी उचललेला हा भार मोठा आहे, त्याबद्दल मनात काही किंतु नाही.

अडचण घरच्या हिशेबात आहे. पासाचे पैसे महिन्याचे एकदम आणि रोख लागतात, तेही जून-जुलैत. त्याच दिवसांत बियाणं, खत, धाकट्याची पुस्तकं, कॉलेजची फी. घरात दोघं शिकणारी असली की कुणाचा पास आधी काढायचा हे ठरतं, आणि ते कसं ठरतं हे तालुक्यातल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. माझ्या खेळाच्या वहीत दरवर्षी काही नावं अकरावी-बारावीला जिल्ह्यापर्यंत खेळलेली दिसतात आणि एफ. वाय.ला गायब होतात. त्या मुली लग्नामुळे गेल्या असं सरसकट म्हणायची सवय आहे. मला ते पटत नाही. पुष्कळ जणी आधी पासाच्या टेबलाशी थांबतात, लग्नाचं बोलणं त्यानंतर सुरू होतं.

आमच्या कॉलेजचा प्रवास निधी या टेबलापाशीच काम करतो. प्राध्यापकांच्या पगारातून थोडे, माजी विद्यार्थ्यांकडून थोडे, थोडे जिमखान्याच्या खात्यातून. वर्गशिक्षक नावं देतात आणि कॉलेज त्या मुलांच्या पासाचे पैसे थेट एसटीच्या कर्मचाऱ्याकडे भरतं. मुलीच्या हातात फक्त पास येतो, रांगेतल्या इतर सगळ्यांसारखाच. धनादेश देतानाचा फोटो नाही, गरिबीची कहाणी लिहून द्यायचा अर्ज नाही. गुणांची अटही नको यावर मी अडून बसले होते. ज्या मुलीचा पहिला तास बसअभावी बुडतो, तिच्याकडून बससाठी ७० टक्के मागायचे हा न्याय नव्हे. हजेरी लावावी, एवढंच.

पाकीट धरलेल्या मुलीचं नाव यादीत होतं. तिला ते माहीत नव्हतं. कर्मचाऱ्यांनी पास पुढे केला तेव्हा तिने आधी पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ठेव ते," मी म्हटलं, "बूट घे."

सकाळी ११.४५

प्राचार्यांच्या केबिनमध्ये बैठक. विषय झोनलच्या स्पर्धांचा प्रवासखर्च. खो-खोचा संघ म्हणजे १२ खेळाडू आणि एक व्यवस्थापक, जाऊन-येऊन भाडं, दोन वेळचं जेवण, क्वचित मुक्काम. पद्धत अशी की खेळाडूने खर्च करावा, तिकिटं जोडून बिल द्यावं आणि मंजूर झाल्यावर पैसे घ्यावेत. ज्याच्याकडे आधी खर्चायला पैसे आहेत त्यालाच ही पद्धत परवडते. ज्याच्याकडे नाहीत तो "मला बरं नाही" म्हणून संघातून नाव काढून घेतो आणि आपण त्याला आळशी ठरवतो.

अधीक्षक म्हणाले, "मॅडम, उचल दिली तर ऑडिटला काय दाखवायचं?" प्रश्न रास्त आहे, ती त्यांची जबाबदारी आहे. मी कागदावर लिहूनच नेलं होतं: उचल व्यवस्थापकाच्या सहीने द्यायची, एसटीची तिकिटं आणि जेवणाच्या पावत्या परतल्यावर आठ दिवसांत जमा करायच्या, उरलेली रक्कम खात्यात भरायची.

मग मी खाशाबा जाधवांचं नाव काढलं. गोळेश्वर आमच्याच जिल्ह्यात, कराडजवळ. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. १५ जानेवारीला त्यांची जयंती आपण राज्य क्रीडा दिन म्हणून साजरी करतो, भाषणं होतात. त्या भाषणांत मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटते. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, दुकानदारांनी दिलं, तरी पुरेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. त्यांनी खाशाबांना आधी जाऊन ये, मग पावत्या दाखव असं म्हटलं नाही. पैसे निघायच्या आधी लागतात, निघून गेल्यावर त्यांचा काही उपयोग नसतो. आपल्या भागातल्या एका प्राचार्याने हे ७० वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आम्हाला तर घर गहाण टाकायचं नाही, व्हाउचरचा क्रम बदलायचा आहे.

प्राचार्यांनी कागद वाचला, खाली सही केली आणि अधीक्षकांकडे सरकवला. अधीक्षकांनी 'आठ दिवसांत' खाली शाईने रेघ ओढली. मान्य.

दुपारी २.००

पात्रता अर्ज, गुणपत्रिका, फोटो, ओळखपत्रं. एकीच्या आधारवरच्या जन्मतारखेत आणि दाखल्यावरच्या तारखेत फरक निघाला. तासभर त्यात गेला.

दुपारी ४.००

संकुलात खो-खोचा सराव. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. मुलांच्या संघाचा कर्णधारही महाराष्ट्राचाच, प्रतीक वाईकर, आणि तेही जिंकले. आमच्या मुलींनी तो सामना मोबाईलवर पाहिलाय, थांबवून थांबवून, पुन्हा पुन्हा. पण त्या वाढल्या मातीवर. मातीत पाय थोडा सरकतो, त्या सरकण्यावर वळायचं कसब त्यांच्या अंगात आहे. मॅटवर पाय जागीच धरला जातो आणि गुडघा मुरगळतो. म्हणून संकुलात मॅट आल्यापासून पहिले दोन आठवडे मी त्यांना फक्त थांबायला आणि वळायला लावलं, पाठलाग नाहीच.

आज खांबावरची झेप घेतली. धावत यायचं, एका हाताने खांब धरायचा आणि अंग जमिनीला समांतर टाकून पलीकडच्या बचावपटूला गाठायचं. एक उंच मुलगी चार वेळा आपटली. पाचव्यांदा तिने खांब थोडा खाली धरला, खांदा आत घेतला आणि बोटांची टोकं समोरच्या मुलीच्या पाठीला लागली. दोघीही जमिनीवरच बसून हसायला लागल्या. सकाळची पाकीटवाली चौकोनात बसली होती, अनवाणी. बूट अजून यायचेत.

मोहीच्या ललिता बाबर आमच्या माणदेशातल्याच. २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली, पात्रता फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहाव्या आल्या. इथल्या मुलींच्या पायांत काय आहे हे सिद्ध करायचं आता बाकी नाही. त्यांना मैदानापर्यंत आणि मैदानापासून घरापर्यंत पोचवायचं काम बाकी आहे.

संकुल सुरू झालं तेव्हा पहिल्या वेळापत्रकात कॉलेजच्या मुलींना संध्याकाळी ६ ते ८ वेळ दिली होती. उद्देश चांगला होता, ऊन उतरलेलं असतं. पण साडेसहाची मुक्कामी चुकली की लांबच्या गावांना दुसरी गाडी नाही, त्यामुळे सहाला सराव ठेवला की संघ गावातल्याच मुलींचा होणार. वेळ बदलून चार ते पावणेसहा करून घेतली आणि नऊ गावांतल्या मुली मैदानावर आल्या. नवं मैदान होईल तिथे वेळापत्रक आखताना स्टँडवरचा गाड्यांचा फलक शेजारी ठेवावा, असं मी आता भेटेल त्याला सांगते.

संध्याकाळी ६.१५

संकुलापासून स्टँड अडीच किलोमीटर. मुली झपझप चालत जातात, मी स्कूटरवर मागे. मुक्कामी गाडी फलाटाला लागलेली असते. कंडक्टर मास्तर ओळखीचे झालेत. "आल्या का सगळ्या?" असं विचारल्याशिवाय घंटी मारत नाहीत. या एका प्रश्नाने मुलींच्या आयांना किती धीर येतो ते घरोघर गेल्यावर समजतं.

दोन वाड्यांना मुक्कामी गाडीच नाही. तिकडच्या पाच मुलींसाठी सरावाच्या दिवशी प्रवास निधीतून वडापची जीप ठरवलीय. चालक त्यांच्यातल्याच एकीचे वडील. डिझेल आणि दिवसाची मजुरी एवढंच घेतात. दारापर्यंत सोडल्यावर प्रत्येक मुलगी मला एक फोन करते, तसा नियमच आहे.

रात्री ७.४५

संकुलात दिवे लागतात. आता मोठ्यांची वेळ. बाजारपेठेतली मंडळी व्हॉलीबॉल खेळतात, निवृत्त गुरुजी बॅडमिंटन. त्यांच्या महिन्याच्या वर्गणीतून विजेचं बिल निघतं. आज एकाने लग्नासाठी मैदान देण्याचा विषय काढला. भाडं चांगलं येईल हे खरं. पण मांडवाच्या खुंट्या धावपट्टीत ठोकल्या की ते खड्डे महिनाभर बुजत नाहीत, आणि पहाटे अंधारात पळणाऱ्या पोराचा घोटा तिथेच जातो. मी नको म्हटलं, गुरुजींनी दुजोरा दिला. लग्नं पार्किंगच्या जागेत करता येतील का, ते समितीपुढे ठेवायचं ठरलं.

घरी पोचते तोवर जीपमधल्या मुलींचे फोन येऊन गेलेले असतात. आज शेवटचा फोन एका वडिलांचा आला. झोनलसाठी मुलगी दोन दिवस कराडला जाणार, मुक्काम कुठे, सोबत कोण, हे सगळं त्यांनी नीट विचारून घेतलं. मग थोडं थांबले.

"मॅडम, भाड्याचे पैसे आमी आधी भरायचे का?"

"नाही दादा. निघायच्या आदल्या दिवशी तिच्या हातात मिळतील. तुम्ही फक्त तिला पहाटेच्या गाडीला आणून सोडा."