कात्री कुठे लावायची

व्हायोलिन आणि पियानोचं रेकॉर्डिंग सुरू होतं ते एकही सूर न वाजवता. आधी वास्तू ऐकली जाते. हीटिंग बंद करतात, कारण नळ्या थंड होताना टिकटिकतात. शेजारच्या स्वयंपाकघरातला फ्रिज बंद होतो. मनगटावरची घड्याळं उतरतात, सळसळणारी जाकिटं बाहेर जातात. मग सगळ्यांनी मिनिटभर निश्चल उभं राहायचं आणि त्या जागेची रिकामी शांतता मुद्रित करायची. पुढे दोन भागांच्या मधल्या जागेत हीच शांतता भरावी लागते. तिथे नुसतं निःशब्द ठेवलं, तर ऐकणाऱ्याला एकदम बाहेर काढल्यासारखं वाटतं.

हे मी पाहिलं ते बर्लिनच्या डालेम भागातल्या येझुस क्रिस्टुस चर्चमध्ये. १९३१ साली बांधून पूर्ण झालेली ही विटांची साधी इमारत ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात फार मोठी आहे. वाद्यवृंद-संचालक कारायान यांनी बर्लिन फिलहार्मोनिकला घेऊन १९६१-६२ मध्ये बेथोवेनच्या नऊही सिंफनी मुद्रित केल्या त्या इथेच. या वास्तूत सूर सुटला की लांबवर जातो, पण मागून येणाऱ्या सुरावर चढून बसत नाही. प्रत्येक स्वराला घुमारा मिळतो आणि तरी स्वर स्वच्छ राहतो. अशा जागा जगात फार नाहीत.

माझं काम पानं उलटण्याचं होतं. पियानोवादिकेच्या डाव्या हाताला, जरा मागे बसायचं, वेळ आली की उठायचं, डाव्या हाताने पानाचा वरचा कोपरा धरायचा आणि कागदाचा आवाज न करता पान पलटायचं. आता पुष्कळ जण टॅब्लेट आणि पायाचा पेडल वापरतात. या बाईंना कागदच हवा होता, कारण त्यांचा डावा पाय पियानोच्या मंद पेडलवर गुंतलेला असतो. पानं उलटणाऱ्या माणसाला पियानोच्या इतकं जवळ बसायला मिळतं की तारांवर पडणाऱ्या हातोड्यांच्या फेल्टचा आवाजही ऐकू येतो.

डिस्कवर तीन रचना घ्यायच्या होत्या: क्लारा शुमान यांचे १८५३ सालचे तीन रोमान्स, ब्राम्सचा जी मेजर सोनाटा आणि सेझार फ्रांकचा ए मेजर सोनाटा. तिन्हींच्या मागे माणसांचं प्रेम आहे, आणि ते नेमक्या माणसांवरचं आहे. क्लाराने रोमान्स लिहिले ते योझेफ योआखिम या व्हायोलिनवादक मित्रासाठी. ब्राम्सने आपला सोनाटा १८७८-७९ च्या उन्हाळ्यांत पोर्टशाख या तळ्याकाठच्या गावी लिहिला. त्याच काळात, फेब्रुवारी १८७९ मध्ये, क्लाराचा सर्वांत धाकटा मुलगा आणि ब्राम्सचा धर्मपुत्र फेलिक्स वारला. तो स्वतः व्हायोलिन वाजवायचा. आणि फ्रांकने १८८६ मध्ये आपला सोनाटा अठ्ठावीस वर्षांच्या व्हायोलिनवादक युजीन इझाईला लग्नाची भेट म्हणून दिला. इझाईने जेमतेम एक उजळणी करून तो लग्नाच्या पाहुण्यांपुढे वाजवला. त्याच वर्षी डिसेंबरात ब्रसेल्सच्या चित्रसंग्रहालयात त्याचा जाहीर कार्यक्रम झाला. तिथे दिवे लावायची परवानगी नव्हती. हिवाळ्याची संध्याकाळ, अंधार पडत गेला आणि इझाई व साथीच्या पियानोवादिकेने उरलेले भाग स्मरणातून वाजवले.

मायक्रोफोन कुठे उभे करायचे यावर सकाळचा बराचसा वेळ गेला. मुख्य मायक्रोफोनची जोडी दोन वाद्यांपासून थोडी दूर आणि उंच. पियानोजवळ आणि व्हायोलिनजवळ आणखी एकेक आधाराला. पण खरं चित्र त्या दुरून ऐकणाऱ्या जोडीतूनच उभं राहायला हवं. सिनेमाचं गाणं आपण करतो तसं इथे चालत नाही. तिथे व्हायोलिन वेगळ्या ट्रॅकवर असतं, नंतर हवं तेव्हा वर आणता येतं. इथे दोघं एका जागेत, समोरासमोर वाजवतात. पियानोच्या मायक्रोफोनमध्ये व्हायोलिन असतं आणि व्हायोलिनच्या मायक्रोफोनमध्ये पियानो. एकाचा आवाज वाढवला की दुसराही वाढतो. म्हणून यंत्रापेक्षा माणसं हलवणं जास्त उपयोगी पडतं. व्हायोलिनवादकांना अर्धं पाऊल डावीकडे सरकवलं, वाद्याचं तोंड किंचित फिरवलं आणि इतका फरक पडला की आम्ही एकमेकांकडे पाहायला लागलो. पाय कुठे ठेवायचे ते मग जमिनीवर चिकटपट्टीने आखलं.

क्लाराच्या पहिल्या रोमान्सपाशी मात्र गाडं अडलं. चाचणीत जुळून आलेला सगळा बाज अचानक मिटल्यासारखा वाटू लागला. कारण स्वरांतच होतं. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा म्हणजे जी, डी, ए आणि ई. ब्राम्सच्या जी मेजरमध्ये या चारही तारा त्या सप्तकातल्याच आहेत. त्यामुळे दुसऱ्या तारेवर स्वर लागला की न वाजवलेली तारही तरफेसारखी आपसूक घुमते. फ्रांकच्या ए मेजरमध्ये चारांपैकी तीन साथ देतात. क्लाराचा रोमान्स डी फ्लॅट मेजरमध्ये आहे आणि त्या सप्तकात चारांपैकी एकही तार बसत नाही. व्हायोलिन तिथे एकटं पडतं. स्वर झाकलेला, आतल्या आत बोलणारा होतो. तो तारांच्या झणत्काराने उजळावा अशी क्लाराची इच्छाच नसावी असं मला ऐकताना पक्कं वाटलं. त्या स्वतः पियानोच्या थोर वादक होत्या आणि योआखिमचं वाद्य त्यांनी ऐकलेलं होतं. शेवटी मायक्रोफोन तसेच ठेवले. व्हायोलिनवादक एक पाऊल पुढे आले आणि पियानोचं मंद पेडल जरा अधिक वापरलं गेलं. तो झाकलेपणा राहिला, फक्त जवळ आला.

आत, पाद्रीबाबांच्या खोलीत, स्पीकर लावून टॉनमाइस्टर बसले होते. हा जर्मनीतला खास पेशा आहे. डेटमोल्डच्या संगीत महाविद्यालयात १९४९ साली एरिष टीनहाउस यांनी त्याचं शिक्षण सुरू केलं. हा माणूस ध्वनीचा तंत्रज्ञ असतोच, पण स्वरलिपी वाचणारा, कान तयार असलेला संगीतकारही असतो. त्यांच्यासमोर पूर्ण स्वरलिपी, हातात पेन्सिल. प्रत्येक टेकला नंबर, आणि ज्या बारमध्ये काही झालं तिथे खूण: हा स्वर उतरला, इथे गज खरवडला, इथे पियानोचा डावा हात किंचित मागे, इथे अप्रतिम. वाजवणाऱ्याला स्वतःचं वाजवणं ऐकताना सगळं आठवत नाही. त्यांना आठवत होतं. दुपारच्या जेवणानंतर "तिसऱ्या टेकचा शेवट आणि सातव्याची सुरुवात यांची लय जुळते, मधलं तेवढं हवंय" असं ते शांतपणे सांगायचे आणि ते खरं निघायचं.

त्यांच्या बोलण्याची एक रीत मला फार महत्त्वाची वाटली. चूक झाली की ते चूक सांगायचे नाहीत. "सुंदर. आता पुन्हा, आणि पियानोच्या खालच्या सुराकडे लक्ष ठेवा," एवढंच. व्हायोलिनवादकांचा एक स्वर सारखा उतरत होता. ते थेट सांगितलं असतं तर पुढच्या टेकमध्ये बोट घाबरून चढलं असतं. लक्ष खालच्या सुराकडे गेलं आणि स्वर आपोआप जागेवर आला. असं सांगायला माणसाचा स्वभाव कळावा लागतो.

स्वर जागेवर येणं म्हणजे तरी काय, हाही प्रश्न असतोच. पियानो समान श्रुतींवर जुळवलेला असतो, त्यामुळे त्याचा गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा चांगलाच चढा असतो. व्हायोलिनला पडदे नाहीत, वादक हवं तिथे बोट ठेवू शकतो. लांब स्वर पियानोच्या कॉर्डवर टेकवायचा असेल तर पियानोचं ऐकावं लागतं. एकट्याची तान असेल तर स्वतःच्या कानाचं. कार्यक्रमात हे निमिषात घडतं आणि निघून जातं. रेकॉर्डिंगमध्ये ते पुन्हा पुन्हा ऐकलं जाणार असतं.

दुसऱ्या भागात फ्रांकने दोघांची कठीण परीक्षा घेतली आहे. पियानो खालच्या सप्तकात खळबळत सुरू होतो, धून त्या खळबळीच्या मधोमध दडलेली. मग व्हायोलिन येतं तेही सर्वांत जाड तारेवर, त्याच उंचीवर. फ्रांकचे हात प्रचंड मोठे होते आणि त्यांनी पियानोचे पल्ले आपल्याच हाताच्या मापाने लिहिले. या बाईंचे हात लहान आहेत. जिथे सगळे स्वर एकदम धरता येत नव्हते, तिथे त्या खालून वर उलगडत होत्या, आणि त्या उलगडण्याच्या निमिषभर उशिरात व्हायोलिनला शिरायला जागा मिळत होती. नियंत्रणाच्या टेबलावर जे जमत नव्हतं ते लहान हातांनी करून दिलं.

टेक किती घ्यायचे यावर या जोड्यांत जुना वाद आहे. पियानोवर रखमानिनोव्ह आणि व्हायोलिनवर फ्रिट्झ क्राइस्लर यांनी १९२८ मध्ये याच बर्लिनमध्ये ग्रीगचा सी मायनर सोनाटा मुद्रित केला. तेव्हा मेणावर थेट कोरत, जोडकाम अशक्य. रखमानिनोव्ह यांनी सहाच्या सहा बाजू प्रत्येकी पाच वेळा वाजवायला लावल्या आणि तीस तबकड्यांतून सहा निवडल्या. क्राइस्लरना इतके कष्ट फारसे रुचले नाहीत, हे रखमानिनोव्ह यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलं आहे. मी ते मुद्रण पुष्कळदा ऐकलं आहे आणि मला दोघांचंही पटतं. पुढे टेपमुळे आणि आता संगणकामुळे दोन टेक कुठेही जोडता येतात. लोक याला फसवणूक म्हणतात. त्यांनी एकदा या खोलीत बसून पाहावं असं मला मनापासून वाटतं. जोड देणारा माणूस आधी पूर्ण वाक्य ऐकतो, लय ऐकतो, गजाची दिशा ऐकतो, मागच्या सुराचा घुमारा कुठवर आहे ते ऐकतो, आणि मगच कात्री लावायची की नाही हे ठरवतो. पुष्कळदा लावत नाही.

चौथ्या भागात ती लावता येत नव्हती. तिथे फ्रांकने कॅनन लिहिला आहे: पियानो धून सुरू करतो आणि बरोबर एक बार मागून व्हायोलिन तीच धून म्हणतं. ऐकायला अगदी सोपं आणि प्रसन्न. पण पियानोवादिकेने एखाद्या स्वरावर जराशी रेंगाळून पुढे पाऊल टाकलं, तर व्हायोलिनने एका बारनंतर तसंच रेंगाळायला हवं, आणि तोवर पियानो पुढच्या वाक्यात गेलेला असतो. एकाची लहर दोन ठिकाणी जगते. त्यात कुठेही जोड दिला तर साद एका टेकमधली आणि प्रतिसाद दुसऱ्या टेकमधला होतो. स्वर सगळे बरोबर असतात आणि दोघं एकमेकांशी बोलत नसतात.

टॉनमाइस्टरांनी हे आधीच सांगितलं. "इथून धून मोडेपर्यंत एका दमात वाजवा, मला तुकडे नकोत." मग तसे टेक झाले. एकात बाकाचा आवाज, एकात लय घट्ट, एकात मी पान उशिरा उलटलं असतं तर बरं झालं असतं असं प्रकर्षाने जाणवलं, कारण कागदाची हवा एका लांब स्वरावरून गेली. दिवस कलल्यावर एक टेक असा आला की बाईंनी दुसऱ्या वाक्यात न ठरवता किंचित श्वास घेतला आणि व्हायोलिनने तो जसाच्या तसा उचलला. माझ्यापासून हातभर अंतरावर त्यांचे खांदे सैल झालेले मला दिसले. त्या टेकमध्ये व्हायोलिनचा वरचा एक स्वर थोडा उतरला होता.

व्हायोलिनवादकांना तो स्वर सोसवत नव्हता. पुन्हा वाजवून पाहिलं, स्वर लागला, श्वास आला नाही. तेवढा स्वर संगणकावर वर चढवावा म्हटलं तर त्याच मायक्रोफोनमध्ये पियानोही आहे, तोही हलणार. टॉनमाइस्टरांनी कुणावरही जोर केला नाही. दोन्ही टेक पाठोपाठ ऐकवले आणि "घरी जाऊन ठरवा" म्हणाले.

पहिलं संपादन तयार होऊन दोघांकडे गेलं, तेव्हा प्रथेप्रमाणे दोघांनी आपापल्या दुरुस्त्यांच्या याद्या धाडल्या. बाईंच्या यादीत बहुतेक पियानोच्या डाव्या हाताच्या तक्रारी आणि ब्राम्सच्या शेवटच्या भागातला एक जोड होता, जो मला आजही सापडत नाही. व्हायोलिनवादकांच्या यादीत सर्वांत वर कॅननमधला तो स्वर होता. त्यापुढे बाईंनी लिहिलं की हा स्वर माझ्या थांबण्याचं उत्तर आहे, तो काढला तर माझं थांबणंही काढून टाका. व्हायोलिनवादकांनी आपली नोंद खोडली. डिस्कवर कॅनन जोडाशिवाय आहे, बाकाच्या कुरकुरीशिवाय आणि त्या उतरलेल्या स्वरासकट.